एक्सेटरचा एडविन : क्षयाने पोखरलेल्या एका खेड्याची हकीकत

महोत्सवी स्मरणिकेत स्मरण करावयाचे ते बहुधा संस्थापकांचे, दात्यांचे आणि संस्थेसाठी झिजलेल्या कार्यकर्त्यांचे. ते योग्यच आहे. परंतु प्रस्तुत लेखात ज्या तरुणाचे स्मरण करावयाचे आहे, तो ना आपल्या समाजाचा, ना आपल्या देशाचा. त्याच्या हातून कोणतेही थोर कार्य घडले नाही. अमेरिकेतील एका खेड्यात राहणारा, दुकानात कारकुनी करणारा हा शेतकऱ्याचा मुलगा ता. २ मे १८९२ रोजी ऐन पंचविशीच्या आत क्षयाने वारला. एवढेच त्याचे चरित्र. मग त्याची आठवण येथे काढण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. प्रयोजन असे की, या मुलाला वाचविण्यासाठी त्याच्या गावाने एक गोष्ट केली. ती वाईट हेतूने केलेली नव्हती. तरीही तिने मुलगा वाचला नाही, आणि एका निरपराध मुलीचे नाव मात्र कायमचे बदनाम झाले. संकटात सापडलेल्या घरासाठी समाजाने काय करावे आणि काय करू नये, हा प्रश्न आपल्यासारख्या प्रत्येक धर्मादाय संस्थेपुढे नित्य उभा असतो. त्या दृष्टीने ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

गाव आणि घर

अमेरिकेच्या ईशान्य भागाला न्यू इंग्लंड म्हणतात. तेथील र्‍होड आयलंड हे त्या देशातील सर्वांत लहान राज्य. या राज्यात एक्सेटर नावाचे खेडे आहे. तेथील जमीन खडकाळ. शेत करावयाचे तर आधी दगड वेचावयाचे आणि त्याच दगडांचे बांध घालावयाचे, असा तेथला संसार. इ. स. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. त्यानंतर रेल्वेने पश्चिमेकडील सुपीक जमीन जवळ आणली. तरुण मंडळी तिकडे निघाली, काही गिरण्यांच्या गावी गेली. इ. स. १८२० मध्ये ज्या एक्सेटरची वस्ती अडीच हजारांच्या आसपास होती, तेथे १८९२ साली हजारही माणसे उरली नव्हती. घरे ओस पडली, शेतांत रान माजले. आपल्या कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरल्या ज्या गावांतून मुंबईकडे, बडोद्याकडे माणसे गेली, त्या गावांतील बंद घरांची ज्यांना आठवण आहे, त्यांस हे चित्र निराळे सांगावयास नको.

या गावात जॉर्ज ब्राऊन नावाचा शेतकरी राहत असे. घर कष्टाचे, अब्रूदार. इ. स. १८८३ च्या डिसेंबरात त्याची पत्नी मेरी एलायझा क्षयाने गेली. सहा-सात महिन्यांतच, म्हणजे १८८४ च्या जूनमध्ये, वीस वर्षांची थोरली मुलगी मेरी ऑलिव्ह त्याच रोगाने गेली. पुढे काही वर्षे शांततेत गेली. घरावरचे अरिष्ट टळले असे सर्वांना वाटले असेल. तोच धट्टाकट्टा मुलगा एडविन खोकू लागला. त्या काळी डॉक्टर अशा रोग्यास कोरड्या, उंच हवेच्या ठिकाणी जाण्याचा सल्ला देत. त्याप्रमाणे एडविन आपल्या पत्नीसह दूर कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे हवापालटासाठी गेला. तो तिकडे असतानाच इकडे घरी एकोणीस वर्षांची बहीण मर्सी लीना आजारी पडली. तिचा क्षय झपाट्याने माणूस नेणाऱ्या प्रकारचा होता. १८९२ च्या जानेवारीत ती गेली. एडविनला हवेचा गुण आला नाही. तो परत आला तो अधिकच खंगलेला.

आता जॉर्ज ब्राऊनच्या मनाची कल्पना करावी. बायको गेली, दोन मुली गेल्या, आणि उमेदीचा मुलगा डोळ्यांदेखत झिजत चालला आहे. डॉक्टरांकडे औषध नाही. अशा वेळी शेजारीपाजारी येऊन म्हणाले, "एक उपाय राहिला आहे."

गावाचा तर्क

तो उपाय समजण्यापूर्वी त्यामागचा तर्क समजून घेतला पाहिजे. नाही तर आपण त्या लोकांस केवळ अडाणी म्हणून मोकळे होऊ, आणि शिकावयाचे ते शिकणार नाही.

गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती. क्षय एका घरात शिरला की एकाच माणसावर थांबत नाही. एक जातो, मग वर्ष-दोन वर्षांनी, कधी पाच-सहा वर्षांनी, त्याच घरातला दुसरा तसाच झिजू लागतो. गेलेल्याच्या अंगावरचे मांस जसे उतरले, तसेच याचे उतरते. त्याच्या तोंडातून जसे रक्त पडले, तसेच याच्या पडते. यावरून लोकांनी असे ताडले की, गेलेल्या माणसाचे आपल्या माणसांशी काही नाते उरते. मातीत असूनही त्याच्या काळजात जीव राहतो, आणि तो जीव घरातल्या जिवंत माणसाच्या रक्तावर पोसला जातो. तेव्हा ज्याच्या काळजात ताजे रक्त सापडेल ते काळीज जाळले, तर मागे राहिलेला वाचेल.

हा समज एकट्या एक्सेटरचा नव्हता. न्यू इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून असे प्रकार होत आले होते. मायकेल बेल नावाच्या लोकविद्येच्या अभ्यासकाने अशी सुमारे ऐंशी उदाहरणे शोधून काढली आहेत. सविनय कायदेभंगावरील निबंधामुळे गांधीजींच्या वाचकांस परिचित असलेला हेन्‍री डेव्हिड थोरो यानेही १८५९ साली आपल्या रोजनिशीत व्हरमाँटमधील एका कुटुंबाने असेच काळीज आणि फुप्फुसे जाळल्याची नोंद केली आहे. दैवगती अशी की, थोरो स्वतः १८६२ साली क्षयानेच वारला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे लोक कोणा जिवंत माणसावर चेटुकाचा आळ घेत नव्हते. ज्यांची प्रेते उकरली जात, ती त्यांचीच प्रेमाची माणसे होती. 'रक्तपिपासू पिशाच' हा शब्ददेखील त्यांचा नव्हे. तो वर्तमानपत्रांनी नंतर चिकटवला. गावाच्या दृष्टीने ती शेवटच्या आशेची एक चिकित्सा होती, इतकेच.

ता. १७ मार्च १८९२

जॉर्ज ब्राऊनचा या समजावर विश्वास नव्हता असे सांगतात. परंतु शेजाऱ्यांचा आग्रह मोडावा तर उद्या मुलगा गेल्यावर "बापानेच उपाय करू दिला नाही" असे बोल आयुष्यभर ऐकावे लागणार. त्याने होकार दिला. विकफर्ड गावचे डॉक्टर हॅरल्ड मेटकाफ यांस बोलावले. त्यांचाही यावर विश्वास नव्हता, तरी ते आले.

चेस्टनट हिल येथील चर्चच्या दफनभूमीत ता. १७ मार्च १८९२ रोजी आईची आणि थोरल्या मुलीची थडगी उघडली. आठ-नऊ वर्षे मातीत राहिलेल्या त्या देहांचे सांगाडेच उरले होते. मर्सीला जाऊन मात्र जेमतेम दोन महिने झाले होते, आणि तेही न्यू इंग्लंडच्या कडाक्याच्या हिवाळ्याचे. तिचा देह बहुतांशी जसाच्या तसा होता. डॉक्टरांनी काळीज व यकृत काढले. काळजात रक्त आढळले. डॉक्टरांनी सांगितले की यात अस्वाभाविक काही नाही, आणि तिच्या फुप्फुसांत क्षयाच्या खुणा स्पष्ट आहेत. पण जमलेल्या माणसांस जे पाहावयाचे होते ते दिसले होते. जवळच्या एका खडकावर ते काळीज आणि यकृत जाळण्यात आले, आणि ती राख पाण्यात कालवून एडविनला पाजण्यात आली.

त्यानंतर दीड महिन्यात, २ मे रोजी, एडविन गेला.

प्रॉव्हिडन्सच्या वर्तमानपत्राने ही बातमी दोनच दिवसांत छापली व गावाला नावे ठेवली. पुढे १८९६ साली न्यूयॉर्कच्या एका पत्रात आलेल्या अशाच मजकुराचे कात्रण ब्रॅम स्टोकर या लेखकाच्या टिपणांत सापडते. १८९७ साली त्याची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तेव्हापासून आजतागायत मर्सीच्या थडग्याला हौशे-नवशे भेट देत आले आहेत. तिचा दगड एकदा चोरीसही गेला. परत मिळाल्यावर तो लोखंडी पट्टीने जखडून ठेवावा लागला. ज्या भावासाठी हे सारे झाले, त्याचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. जॉर्ज ब्राऊन पुढे तीस वर्षे जगला.

शास्त्र काय सांगते

गावकऱ्यांचे निरीक्षण खरे होते, निष्कर्ष चुकला होता. क्षय घराघरांत साखळीसारखा चालतो हे सत्यच आहे. तो तसा का चालतो, हे आता आपणांस ठाऊक आहे.

क्षयाचे जंतू रोग्याच्या खोकल्याबरोबर, शिंकेबरोबर सूक्ष्म कणांतून हवेत येतात आणि बंद जागेत बराच वेळ तरंगत राहतात. थंड प्रदेशात हिवाळ्यात दारे-खिडक्या घट्ट लावून सारे कुटुंब एका चुलीभोवती बसते. शुश्रूषा करणारी बहीण किंवा आई रोग्याच्या उशापायथ्याशी रात्री काढते. जंतूंना याहून सोयीचे स्थान कोणते? म्हणजे जो मायेने अधिक जवळ बसला, त्यालाच धोका अधिक. मृत माणूस आपल्या आवडत्यांनाच ओढून नेतो, असा भास होण्याचे मूळ येथे आहे.

दुसरी गोष्ट जंतूच्या स्वभावाची. इतर पुष्कळ जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी वीस तासांच्या आसपास लागतात. त्याच्याभोवती मेणासारखे कवच असते. शरीराच्या रक्षक पेशी त्याला घेरून कोंडतात, पण तो मरत नाही. निद्रिस्त पडून राहतो. ज्यांच्या शरीरात जंतू शिरला, अशा शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत होतो, पण कधीकधी अनेक वर्षांनीही डोके वर काढतो. शरीर अशक्त झाले, पोटाला कमी पडले, दुसरे दुखणे आले, की कोंडलेला शत्रू बाहेर पडतो. आई गेल्यावर काही वर्षांनी एडविन का खोकू लागला, याचा उलगडा यात आहे. थडग्यातून कोणी त्याचे रक्त शोषीत नव्हते. जंतू बहुधा आधीच त्याच्या छातीत दबा धरून बसला होता.

तिसरी गोष्ट प्रेताची. थंडीने देह टिकतो, यात नवल नाही. मृत्यूनंतर रक्त कधी गोठते, कधी पुन्हा पातळ होते. पोटातल्या वायूच्या दाबाने रक्तमिश्रित द्रव ओठांशी येतो. कातडी आकसते म्हणून नखे व केस वाढल्यासारखे दिसतात. हे सारे स्वाभाविक आहे. परंतु प्रेत दोन महिन्यांनी पाहण्याचा प्रसंग सामान्य माणसास येत नसल्यामुळे त्याला ते अद्‌भुत वाटते.

ज्ञान होते, पण पोहोचले नव्हते

सर्वांत मन विषण्ण करणारी गोष्ट तारखांत आहे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू आपण शोधल्याचे बर्लिन येथे ता. २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. मर्सीचे थडगे उघडले तेव्हा या शोधाला दहा वर्षे पुरी होण्यास एकच आठवडा उरला होता. डॉक्टर मेटकाफ यांना हे ज्ञान होते. पण ते ज्ञान एक्सेटरच्या चुलीपाशी पोहोचले नव्हते.

गावाला दोष देताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डॉक्टर रोगाचे नाव सांगू शकत होते, बरा करू शकत नव्हते. रोग्याला वेगळ्या हवेशीर जागी ठेवावे, त्याच्या थुंकीची विल्हेवाट लावावी, घरातल्यांनी काळजी घ्यावी, इतके तरी सांगता आले असते. पण ते समजावून सांगण्यास आणि त्याप्रमाणे सोय करून देण्यास गावात कोणतीही संस्था नव्हती. रिकाम्या होत चाललेल्या त्या वस्तीत होते ते फक्त शेजारी, आणि शेजाऱ्यांपाशी होती ती आजीच्या तोंडून आलेली समजूत. जेथे ज्ञानाची जागा रिकामी राहते, तेथे भीती येऊन बसते. आणि मायेला भीतीची जोड मिळाली म्हणजे भली माणसेही भलतेच करून बसतात.

आपल्या घरची गोष्ट

हे परक्या मुलखातले म्हणून आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. क्षय आपल्याकडे फार पुरातन. आयुर्वेदाने त्यास राजयक्ष्मा म्हटले, आणि त्याची उत्पत्ती सांगताना चंद्राची कथा दिली. दक्षाच्या कन्यांशी विवाह करून चंद्र एकट्या रोहिणीतच रमला. इतरांनी पित्याकडे गाऱ्हाणे नेले, आणि दक्षाच्या कोपाने चंद्राला क्षय जडला. कथा सुंदर आहे. पण तिच्यातून रोग म्हणजे कोणा तरी दोषाचे फळ, हा जो भाव निघतो, तो मात्र आपल्या घरांत आजही घोटाळत असतो. क्षय झाला म्हटले की लोक कुजबुजतात. मुलीचे लग्न अडेल म्हणून औषध लपवून घेतात. सून आजारी पडली तर तिला माहेरी धाडतात.

एडविनच्या मृत्यूच्या पाचच वर्षे आधी महाराष्ट्रात अशीच एक तरुण व्यक्ती क्षयाने हिरावली गेली, तिचे नाव प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. डॉ. आनंदीबाई जोशी. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन त्या परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली होती. ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. त्यांना अमेरिकेत मायेने सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे त्यांची रक्षा पाठविण्यात आली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती विसावली आहे. र्‍होड आयलंडपासून ही जागा फार दूर नाही. एकीकडे खेड्यातला एक कारकून, दुसरीकडे वैद्यकाची पदवी मिळविलेली स्त्री. दोघांनाही त्या काळच्या जगापाशी औषध नव्हते. रोगाने विद्वान-अविद्वान, पूर्व-पश्चिम असा भेद केला नाही.

औषध आले, आणि घरच दवाखाना झाले

त्या काळी जो काही इलाज होता तो आरोग्यधामाचा : स्वच्छ हवा, विश्रांती, दूध-अंडी. अमेरिकेत एडवर्ड ट्रूडो या स्वतः क्षयी असलेल्या डॉक्टरांनी सॅरनॅक लेक येथे १८८५ च्या सुमारास असे केंद्र चालविण्यास आरंभ केला. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीचे आरोग्यधाम अनेक पिढ्यांच्या तोंडी होते. बेळगाव-कोल्हापूरकडच्या कित्येक घरांतून त्या नावाची आठवण निघेल. परंतु आरोग्यधामात जागा थोडी, खर्च फार, आणि रोगी मात्र लाखांनी.

१८९५ साली क्ष-किरण आले, १९२१ साली बी. सी. जी. लस प्रथम टोचण्यात आली, १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले. त्यानंतर आणखी औषधे आली. तरी प्रश्न राहिलाच : इतक्या रोग्यांस ठेवावयाचे कोठे? त्याचे उत्तर भारतातच मिळाले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. मद्रास येथे १९५६ साली एक प्रयोग सुरू झाला. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवून औषध दिले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच ठेवून तेच औषध दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरी राहिलेल्यांचे खाणे निकृष्ट, जागा अपुरी, विश्रांती कमी. तरी वर्षभर नियमाने औषध घेतल्यावर दोन्हीकडचे रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले. विशेष म्हणजे घरातील इतरांना रोग होण्याचे प्रमाणही त्यामुळे वाढलेले आढळले नाही. औषध सुरू झाल्यावर रोग्याच्या खोकल्यातून रोग पसरण्याची शक्ती झपाट्याने कमी होते, हे त्याचे कारण. या एका प्रयोगाने साऱ्या जगाची क्षयचिकित्सा पालटली. रोग्याला घराबाहेर काढण्याची गरज उरली नाही.

आज साध्या क्षयाचे औषध साधारणतः सहा महिन्यांचे असते आणि सरकारी केंद्रांत ते विनामूल्य मिळते. एवढे असूनही जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश आपल्या देशात आहेत. औषध मध्येच सोडले तर जंतू माजतो आणि त्या औषधाला जुमानीनासा होतो. मग उपचार अधिक कठीण, अधिक दीर्घ होतात.

राखेऐवजी डाळ-तांदूळ

एक्सेटरच्या लोकांनी एडविनला राख पाजली. त्या जागी काय द्यावयास हवे होते, याचे एक उत्तर अलीकडेच मिळाले आहे. झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ पासून २०२२ पर्यंत एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. सर्व रोग्यांना औषध होतेच. शिवाय अन्नही दिले. काही रोग्यांच्या घरातील इतर माणसांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. ज्या घरांतील माणसांना असा शिधा मिळाला, त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी कमी झाले. रोग्यांतही ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांत मृत्यू कमी झाले.

वाचकहो, या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ज्या प्रश्नाने ब्राऊन कुटुंबाला आणि त्याच्या शेजाऱ्यांना ग्रासले होते, तो प्रश्न हाच : एक गेला, आता घरातल्या पुढच्या माणसाला कसे वाचवावे? त्याचे उत्तर थडग्यात नव्हते. वेळेवर तपासणी, नियमित औषध, मोकळी हवा आणि पोटभर सकस अन्न, हे ते उत्तर. यांतील शेवटच्या गोष्टीला कोणा विद्वानाची गरज नाही. तिला शेजारी पुरतो.

आपले कर्तव्य

सरकारकडून उपचार घेणाऱ्या रोग्यास पोषणासाठी २०१८ पासून दरमहा पाचशे रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. २०२२ पासून व्यक्तींना व संस्थांना 'निक्षय मित्र' म्हणून नाव नोंदवून रोग्याच्या शिध्याची जबाबदारी घेता येते. आपल्यासारख्या संस्थांना हा मार्ग खुला आहे. ज्या संस्था शिष्यवृत्त्या देतात, मंगल कार्यालये बांधतात, त्यांना पाच-दहा घरांचा सहा महिन्यांचा शिधा जड नाही.

परंतु पैशाहून अवघड काम मनाचे आहे. दोन आठवड्यांपेक्षा अधिक खोकला राहिला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन उतरू लागले, थुंकीत रक्त दिसले, तर त्याच आठवड्यात तपासणी करावी. घरात एकाला रोग झाला तर इतरांचीही, मुलांची तर अवश्य, तपासणी करावी. रोग झाला नसला तरी तो टाळण्याचे औषध आता मिळते. रोग्याचे ताट-वाटी वेगळी करण्यात काही अर्थ नाही. क्षय हवेतून पसरतो, भांड्यांतून नव्हे. खिडकी उघडी ठेवावी, तोंडावर रुमाल धरावा, आणि औषधाचा एकही दिवस चुकवू नये. आणि ज्याने उपचार पुरा केला, त्याच्याकडे विवाहात, नोकरीत, पंक्तीत संशयाने पाहू नये. रोग लपविला जातो तो आपल्या भीतीमुळे. आणि लपलेला रोगच पसरतो.

एक्सेटरच्या माणसांची थट्टा करणे सोपे आहे. त्यांच्या हातून जे झाले ते दुष्टपणाने झाले नाही. एका मरू घातलेल्या मुलासाठी सारे गाव धावून आले होते. त्यांच्यापाशी नव्हते ते ज्ञान आणि त्या ज्ञानाला घरापर्यंत आणणारी व्यवस्था. आपल्यापाशी आज दोन्ही आहेत. धावून येण्याची वृत्ती मात्र त्यांच्याइतकी आपल्यात उरली आहे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. आपल्या गल्लीत, आपल्या आळीत कोणी एडविन खोकत असेल, तर त्याच्या घरी डाळ-तांदळाची पिशवी आणि दवाखान्याचा पत्ता घेऊन आपल्यापैकी कोणी तरी उद्या सकाळी जावे. त्या दूरच्या खेड्यातील तरुणाचे यापरते दुसरे स्मरण कोणते?